अठरा अक्षरांची घडी

छत्तीसगडात कार्तिकाच्या सुमारास भाताची कापणी सुरू होते आणि रायपूरभोवतीच्या गावोगावी माणसांच्या हाती विळे दिसू लागतात. याच प्रदेशात दुसराही एक विळा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र स्पष्ट दिसतो. एखाद्या मुलाच्या बोटातील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण मिसळावे, वर पातळ काच ठेवून तिच्या कडा बंद कराव्यात आणि काही वेळ थांबावे. हे रसायन रक्तातील प्राणवायू काढून घेते. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी प्राणवायू गेला तरी तबकडीसारख्या वाटोळ्याच राहतात. काही मुलांच्या पेशी मात्र हळूहळू लांबट होऊ लागतात, त्यांची टोके निमुळती होतात आणि अखेरीस त्या विळ्याच्या पात्यासारख्या वाकतात. या विकाराला जगभर सिकलसेल म्हणतात, ते या आकारामुळेच; ‘सिकल’ म्हणजे विळा.

तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यात साडेतीन लाखांहून अधिक मुलामुलींचे रक्त अशा रीतीने तपासण्यात आले आणि त्या पाहणीचा वृत्तांत २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरांत सुमारे नऊ मुले या दोषाची वाहक निघाली. हजारात सुमारे दोघांना प्रत्यक्ष रोग होता. वाहक म्हणजे ज्याला दोषयुक्त जनुक एकाच पालकाकडून मिळाले आहे तो. त्याचे दुसरे जनुक चांगले असते आणि त्याच्या आधाराने तो बहुधा निरोगी आयुष्य जगतो. आपल्या रक्तात काही निराळे आहे याची त्याला कल्पनाही नसते. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक एवढा संभव असा असतो की, दोन्हीकडून दोषच त्याच्या वाट्याला यावा. अशा मुलाच्या पेशी केशवाहिन्यांत अडकतात, हाडांत असह्य वेदना उठतात, प्लीहा निकामी होते, साधा ताप जिवावर बेततो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सदैव कमी.

ज्या घरात असे मूल जन्मते, तेथे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘हे कोणाकडून आले?’ हा. सून कोणत्या घरची, तिच्या माहेरी कोण दगावले, अमुक जातीचे रक्तच वाईट, अशी बोलणी निघतात. दोष दोन्ही बाजूंनी आल्यावाचून रोग होत नाही, ही साधी गोष्ट या बोलण्यात कोठेच नसते. शास्त्रज्ञांनीही ‘हे कोठून आले?’ हाच प्रश्न विचारला. परंतु तो त्यांनी कुळाला विचारला नाही, रेणूला विचारला. त्याचे जे उत्तर गेल्या दोन दशकांत हळूहळू आकारास आले, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रारंभीचा इतिहास थोडक्यात असा. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील चमत्कारिक पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मूळ दोष पेशीच्या आकारात नसून तिच्यातील हिमोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनात आहे. विजेच्या क्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोग्याच्या हिमोग्लोबिनाहून निराळ्या गतीने सरकते. रेणूतील बिघाडामुळे रोग होतो हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे सिद्ध झाले. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो बिघाड नेमका हुडकून काढला. हिमोग्लोबिनाच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ दुवे असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल असावयास हवे, तेथे व्हॅलीन आलेले होते. १४६ दुव्यांत बदललेला दुवा एक, आणि तेवढ्याने माणसाचे सारे आयुष्य बदलून जाते!

प्रथिनातील प्रत्येक दुव्याची आज्ञा डीएनएमध्ये तीन अक्षरांनी लिहिलेली असते. डीएनएची अक्षरे एकंदर चार: ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व थायमीन. त्यांना आपण अ, ग, स, थ म्हणू. बीटा साखळीच्या जनुकात सहाव्या दुव्याची आज्ञा ‘ग-अ-ग’ अशी आहे. सिकलसेलमध्ये ती ‘ग-थ-ग’ होते. म्हणजे मधले एक अक्षर बदलते. मनुष्याच्या जनुकसंचात अशी तीन अब्जांहून अधिक अक्षरे आहेत. मग बदल होण्यास हीच जागा का सापडावी? पुष्कळ वर्षे याचे उत्तर ‘योगायोग’ एवढेच होते. अक्षर कोठेही चुकू शकते, येथे चुकले. आणि या चुकीने हिवतापापासून थोडे संरक्षण मिळाले म्हणून ती टिकली.

यातला उत्तरार्ध खराच आहे. ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून असे दाखविले की, सिकलसेलच्या वाहकांना घातक हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते. रक्तदोष आणि हिवताप यांचा संबंध असावा हे अनुमान जे. बी. एस. हॉल्डेन यांनी त्यापूर्वीच, १९४९ मध्ये, थॅलसेमिया या दुसऱ्या रक्तरोगासंबंधाने मांडले होते. तेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. अखेरच्या वर्षांत त्यांचे वास्तव्य या रोगाच्या पट्ट्याला लागूनच होते. जंगलाच्या व भातशेतीच्या ज्या प्रदेशात हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मेली, तेथे वाहकांची मुले अधिक संख्येने जगली. दोष टिकला का, हे यावरून कळते. तो मुळात घडला का, हे कळत नाही.

त्यासाठी डीएनएच्या आकाराकडे वळले पाहिजे. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी जे चित्र दिले ते आता शाळकरी मुलांनाही परिचित आहे: दोन धागे एकमेकांभोवती उजव्या पिळाने गुंफलेले, आतल्या बाजूस अक्षरांच्या जोड्या, अ समोर थ आणि ग समोर स. हे चित्र खरे आहे, परंतु ते विसावलेल्या डीएनएचे चित्र आहे. पेशीत डीएनए क्वचितच विसावलेला असतो. एका पेशीतील त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. ती केसाहूनही बारीक अशा केंद्रकात दुमडून ठेवावी लागते, आणि शिवाय वाचण्यासाठी व नक्कल काढण्यासाठी ती पुनःपुन्हा उसवावी लागते.

दोन पदरांची सुतळी दोन्ही टोकांना घट्ट धरून मधून उसवू लागले, तर काय होते हे कोणीही करून पाहावे. पुढच्या बाजूस पीळ वाढतो, मागच्या बाजूस तो ढिला पडतो. ढिल्या भागात पदर सुटे होतात आणि एखादा पदर स्वतःवरच गुंडाळून छोटा फास तयार होतो. डीएनएचे नेमके असेच होते. जनुक वाचणारी यंत्रणा पुढे सरकत असता तिच्या मागे पीळ सैल पडतो. आणि तेथील अक्षरांची रचना अनुकूल असेल, तर सरळ पिळाऐवजी काही भलतीच आकृती उभी राहते.

अशा आकृती अनेक आहेत. डाव्या हाताच्या पिळाचा डीएनए असू शकतो, हे १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच यांच्या प्रयोगशाळेने स्फटिकावरून सिद्ध केले. पिळाची दिशा दोन्ही बाजूंना असू शकते हा विचार त्याच दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वि. शशिशेखरन यांनीही मांडला होता. ग हे अक्षर एकापुढे एक पुष्कळ वेळा आले, तर चार पदरांची गाठ बसते. काही ठिकाणी तीन पदर एकत्र येतात. तीन अक्षरांचा एकच गट अनेकवार आला, तर नक्कल काढताना धागा घसरतो, मध्येच फुगा येतो आणि पुढल्या पिढीत गटांची संख्या वाढते. हंटिंग्टनच्या रोगात स-अ-ग हा गट चाळीसहून अधिक वेळा येतो, हे १९९३ मध्ये कळले. या सर्वांचे शास्त्र मोठे आहे. परंतु रायपूरच्या मुलांच्या दृष्टीने ज्या आकृतीचे महत्त्व आहे ती याहून कितीतरी साधी, बायकांच्या केसांतील आकड्यासारखी आहे.

‘चिमा काय कामाची’ हे वाक्य लहान मुले सुलट म्हणतात आणि उलटही म्हणतात, कारण दोन्ही बाजूंनी ते सारखेच लागते. ते कागदाच्या पट्टीवर लिहून मधल्या ‘य’पाशी पट्टी दुमडली, तर ‘का’वर ‘का’, ‘मा’वर ‘मा’ येते. डीएनएचा धागाही असा दुमडू शकतो. फक्त तेथे अट अशी की, दुमडल्यावर अक्षरासमोर तेच अक्षर न येता त्याचे जोडीदार अक्षर यावे. तसे झाले म्हणजे दुमडलेल्या दोन बाजू एकमेकींस चिकटून देठ बनतो आणि टोकाशी न जुळलेल्या अक्षरांचा वळसा उरतो. समोरच्या धाग्यावरही तेच घडते, म्हणून बाहेरून पाहिले तर सरळ दोराच्या मध्यभागी फुली उमटल्यासारखी दिसते.

आता बीटा जनुकातील सहाव्या आज्ञेच्या आसपासची अक्षरे क्रमाने वाचू. ग-अ-स-थ-स-स-थ, मग ग-अ-ग-ग, मग अ-ग-अ-अ-ग-थ-स. एकंदर अठरा. मधली चार अक्षरे जागच्या जागी ठेवून बाजूच्या सात-सात अक्षरांची घडी घालावी आणि आतून बाहेर जोड्या लावाव्यात. थ समोर अ येते, जुळले. स समोर ग, जुळले. पुढे स समोर अ येते. ही जोडी जमत नाही, येथे देठात एक बारीकशी खोट राहते. त्यापुढे थ-अ, स-ग, अ-थ, ग-स, चारही जुळतात. सातांपैकी सहा जोड्या नीट बसल्या. देठ उभा राहण्यास एवढे पुरेसे आहे. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन ही घडी स्वतः घालून पाहिली, तर या पुस्तिकेतील उरलेला मजकूर त्याला निम्म्या श्रमात समजेल.

आणि वळशाच्या टोकावर काय उरले? ग-अ-ग-ग. त्यातील पहिली तीन अक्षरे म्हणजे सहावी आज्ञा. ज्या अक्षराच्या बदलाने सिकलसेल होतो, ते अक्षर बरोबर या वळशाच्या टोकावर, जोडीदारावाचून उघडे पडलेले आहे.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जाक फ्रेस्को, ओल्गा अमोसोवा व त्यांचे सहकारी डीएनएच्या अशा आकृतींचा अभ्यास करीत होते. त्यांच्या दृष्टीस एक विलक्षण गोष्ट पडली आणि ती त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांच्या घडीच्या वळशात ग-थ-ग-ग ही अक्षरे होती (ही सिकलसेलचीच अक्षरे आहेत, हे वाचकाच्या ध्यानी आले असेल), अशा डीएनएच्या लहान तुकड्यांमध्ये वळशातील पहिला ‘ग’ आपोआप गळून पडत होता. कोणतेही विकर नाही, कोणताही धातू नाही, तीव्र आम्ल नाही. जवळजवळ शरीरातल्यासारख्याच परिस्थितीत तो धागा स्वतःच स्वतःचे अक्षर सोडीत होता. त्याच तुकड्यातील इतर अक्षरे मात्र नेहमीच्या मंद गतीनेच गळत होती. या एका ‘ग’ची गळण्याची गती त्यांच्याहून सुमारे एक लाख पटींनी अधिक होती. पुढे २०१३ मध्ये याच प्रयोगशाळेने निरोगी जनुकातील ग-अ-ग-ग या वळशासंबंधीचे काम प्रसिद्ध केले. तेथेही तोच ‘ग’ गळतो.

अक्षर गळणे ही गोष्ट स्वतः काही नवी नव्हे. अ आणि ग या दोन अक्षरांना प्युरीन म्हणतात, व ती धाग्याच्या कण्यापासून सुटण्याची खोड त्यांना जन्मतःच आहे. मानवी पेशीत दररोज अशी सुमारे दहा हजार अक्षरे गळतात. डीएनए इतका ठिसूळ असेल अशी पूर्वी कोणाची कल्पना नव्हती. स्वीडनचे टोमास लिंडाल यांनी १९७०च्या दशकात हे मोजून दाखविले, तेव्हा निर्माण झालेला प्रश्न उलटाच होता: मग आपण जगतो कसे? उत्तर असे की, पेशीत दुरुस्तीची पथके अहोरात्र फिरत असतात. अक्षर गळून रिकामा राहिलेला खळगा एक विकर ओळखते व धागा तेथे कापते. दुसरे विकर समोरच्या धाग्याकडे पाहून योग्य अक्षर बसवते. तिसरे सांधा जोडते. समोर ‘स’ असेल तर येथे ‘ग’च हवा, यात संशयाला जागा नाही. लिंडाल यांना या शोधाबद्दल २०१५ मध्ये पॉल मॉड्रिच व अझीझ संजार यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि ही सारी दुरुस्ती एका गृहीतावर उभी आहे: समोरचा धागा समोर असला पाहिजे. घडीच्या वळशात तोच नसतो. तेथे खळग्यासमोर पाहण्यास काहीच नाही. समोरचा धागा स्वतःच्या निराळ्या घडीत गुंतलेला आहे. घडी उलगडेपर्यंत थांबले तर दुरुस्ती बिनचूक होऊ शकते. परंतु तेवढ्यात नक्कल काढणारी यंत्रणा तेथे येऊन पोहोचली, तर ती अडते. अशा अडचणीच्या वेळी पेशी काही ढिसाळ विकरांना पुढे करते. काम थांबू नये एवढाच त्यांचा हेतू असतो, म्हणून ती अंदाजाने एखादे अक्षर घालून मोकळी होतात. आणि त्यांचा हात इतका सैल असतो की, शेजारची शाबूत अक्षरे उतरतानाही ती चुकतात. खळगा पडतो पहिल्या अक्षराच्या जागी. बदल मात्र त्या अक्षरात किंवा त्याच्या शेजारच्या अक्षरात, कोठेही राहून जाऊ शकतो.

हे जर खरे असेल, तर सहाव्या आज्ञेत सिकलसेलचा एकच बदल न सापडता बदलांचा लहानसा बाजारच भरलेला दिसावयास हवा. आणि तो दिसतो. पश्चिम आफ्रिकेत हिमोग्लोबिन ‘सी’ आढळते. तेथे पहिला ‘ग’ जाऊन अ-अ-ग झाले आहे, म्हणजे जे अक्षर गळते नेमके तेच बदलले आहे. जपानमधील माचिदा या शहराचे नाव लाभलेल्या हिमोग्लोबिनात त्याच जागी ‘स’ आहे. इंडोनेशियातील मकासार बंदराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिमोग्लोबिनात मधले अक्षर बदलून ग-स-ग झाले. सिकलसेलमध्येही बदलते ते मधलेच. भूमध्यसागराभोवतीच्या लोकांत थॅलसेमियाचा एक प्रकार असा आहे की, त्यात हे मधले ‘अ’ अजिबात नाहीसेच झाले आणि त्यामुळे पुढची सारी आज्ञा वाचतानाच बिघडते. प्रिन्स्टनच्या अभ्यासकांनी संपूर्ण बीटा जनुकातील ज्ञात बदलांची मोजदाद केली, तेव्हा सर्वांत अधिक बदल या चार अक्षरांच्या वळशातच आढळले.

येथे थोडा सावधपणा अवश्य आहे. गळतीची मोजमापे परीक्षानळीतील लहान तुकड्यांवर झाली आहेत. जिवंत पेशीत ही घडी किती वेळा उभी राहते आणि किती क्षण टिकते, हे मोजणे फार कठीण काम आहे. दुसरे असे की, दोष पुढच्या पिढीत जावयाचा तर तो बीजपेशीत घडला पाहिजे, आणि बीजपेशीत हे जनुक वाचले जात नाही; तेथे धागा उसवतो तो मुख्यतः नक्कल काढण्याच्या वेळी. म्हणून आकड्याची घडी हे सिकलसेलच्या उगमाचे शेवटले उत्तर आहे असे कोणी सांगू लागल्यास ते घाईचे होईल. परंतु ‘योगायोग’ या शब्दाहून ते पुष्कळच चांगले उत्तर आहे. कारण ते तपासता येते.

या उत्तराचा संबंध एका जुन्या वादाशी पोहोचतो. भारतात सिकलसेलचा प्रथम पत्ता लागला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत, लेमन व कटबुश यांना. त्याच वर्षी आसामातील चहामळ्यांच्या मजुरांतही तो आढळला. १९५८ मध्ये आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी नागपूरकडील निरीक्षणांवरून मध्य भारतातील या दोषाकडे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून लक्ष वेधले. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, नागपूर ही राजधानी होती आणि रायपूर त्याच राज्यात होते. नकाशावरची सीमा पुढे बदलली, परंतु गडचिरोली-गोंदिया-भंडाऱ्यापासून राजनांदगाव-रायपूरपर्यंतचा रोगाचा पट्टा अखंडच राहिला. गोंडांत तो आहे, आणि साहू, कुर्मी, सतनामी या समाजांतही आहे. तो केवळ आदिवासींचा रोग आहे ही समजूत रायपूरच्या पाहणीत टिकत नाही.

मग प्रश्न असा की, हा दोष आफ्रिकेतून आला की येथेच निर्माण झाला? बीटा जनुकाच्या आजूबाजूस काही निरुपद्रवी खुणा असतात आणि त्या जनुकाबरोबरच पुढे जातात. एखाद्या गावच्या माणसाची ओळख त्याच्या बोलीवरून पटावी, तशी त्या खुणांवरून जनुकाचे मूळ ताडता येते. आफ्रिकेत अशा खुणांच्या चार मुख्य तऱ्हा आढळल्या. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ओडिशा व सौदी अरेबियाचा पूर्वभाग येथील रुग्णांत पाचवी, सर्वस्वी निराळी तऱ्हा सापडली. तिला अरब-भारतीय तऱ्हा म्हणतात. छत्तीसगड व विदर्भातील सिकलसेल प्रामुख्याने याच तऱ्हेचा आहे. यावरून पुष्कळांचा असा निष्कर्ष झाला की, एकच चूक निरनिराळ्या देशांत स्वतंत्रपणे अनेकदा घडली. २०१८ मध्ये डॅनियल श्राइनर व चार्ल्स रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंच वाचून याच्या उलट मत मांडले: चूक एकदाच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत घडली आणि खुणांचा फरक नंतर पडत गेला. हा वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. वळशाचा सिद्धान्त त्याचा निकाल देऊ शकत नाही. परंतु पहिल्या पक्षावर जो आक्षेप घेतला जाई, की तीन अब्ज अक्षरांत तेच अक्षर पुनःपुन्हा कसे चुकेल, त्यातला जोर त्याने कमी केला आहे. ज्या जागी धागा स्वतःच अक्षर टाकतो, तेथे तीच चूक दोनदा घडणे आश्चर्याचे नाही. आणि ती जागा आफ्रिकेतील माणसात, बस्तरमधील गोंडात, रायपूरच्या व्यापाऱ्यात व पुण्याच्या पंडितात एकाच स्वरूपाची आहे. प्रत्येकाच्या पेशीत ती अठरा अक्षरे आहेत.

अरब-भारतीय तऱ्हेचा एक गुण रुग्णांच्या उपयोगाचा आहे. गर्भात असताना मुलाच्या रक्तात बीटा साखळीऐवजी गॅमा नावाची साखळी असते आणि जन्मानंतर ती हळूहळू लोपते. या तऱ्हेच्या रुग्णांत ती बऱ्याच प्रमाणात टिकून राहते. गर्भावस्थेचे हे हिमोग्लोबिन विळ्याच्या पेशीस आवर घालते, म्हणून कित्येकांचा रोग आफ्रिकेतील रुग्णांपेक्षा सौम्य असतो. अर्थात सर्वांचा नव्हे; नागपूर व छत्तीसगडातील डॉक्टरांना तीव्र वेदनांनी तळमळणारी मुले पुष्कळ पाहावी लागतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने हेच गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन वाढते. ते तोंडाने घ्यावयाचे असते, फार महाग नाही, आणि नियमाने घेतल्यास वेदनांचे झटके कमी होतात.

दुरुस्तीच्या ज्या यंत्रणेने एकेकाळी चूक केली, तिलाच आता कामास लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका या देशांत जी जनुकचिकित्सा मान्य झाली, तिच्यात रुग्णाच्या रक्तजनक पेशी बाहेर काढून डीएनए एका ठरावीक ठिकाणी कापतात आणि पुढचे काम पेशीच्या दुरुस्तीवर सोडतात. कापलेली टोके पेशी घाईने, ओबडधोबडपणे जोडते. त्या जोडकामात जी मोडतोड होते, तिच्यामुळे गॅमा साखळीवरचा बंधारा फुटतो आणि गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. म्हणजे सिकलसेलचे अक्षर जेथल्या तेथेच राहते. केवळ त्याचा परिणाम झाकला जातो. डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग याहून चमत्कारिक आहे. तेथे धागा न कापता ग-थ-ग मधला ‘थ’ बदलून ‘स’ केला. मूळचे ‘अ’ परत आणण्याचे साधन त्या पद्धतीत नव्हते. परंतु ग-स-ग म्हणजे तेच मकासारचे निरुपद्रवी हिमोग्लोबिन. त्याच वळशातील एका जुन्या चुकीची नक्कल करून दुसरी चूक निस्तरावयाची, अशी ही युक्ती आहे.

हे उपचार आज रायपूरच्या सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तेथील सिकलसेल संस्था, १९६३ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय व २०१२ पासूनची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांच्या दृष्टीने पहिले काम वाहक ओळखणे हेच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सतरा राज्यांतील चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी करावयाची ठरली आणि २०४७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. विवाहापूर्वी दोघांचेही रक्त तपासावे; दोघेही वाहक असतील, तर गर्भधारणेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते, याची त्यांना माहिती द्यावी. आणि मूल जन्मले असेल तर पहिल्याच दिवसांत त्याच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घ्यावेत. त्या वेळी मूल हसरे व गुटगुटीत असते, कारण गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन त्याला अजून सांभाळीत असते. पहिला झटका बहुधा सहाव्या महिन्यानंतर येतो. तोपर्यंत निदान झालेले असेल, तर संसर्ग टाळण्याची लस व पेनिसिलीन त्याला वेळेवर मिळू शकते.